कात्रीचे दोन ठोके

त्या घरात घंटा वाजवायची नाही, शिट्टी वाजवायची नाही आणि कुणालाही आकड्याने हाक मारायची नाही, असे तीन नियम बाईंनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहून दारामागे चिकटवले होते. बाई म्हणजे सुटका झालेल्या बायकांच्या त्या केंद्राच्या प्रमुख. तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होत्या, उभा जन्म घंटेवर गेला, आणि आता जेवायला बोलवायचं तर स्वतः जिना चढून एकेका दाराशी जायच्या नि "वाढलंय बरं का गं" म्हणायच्या. गुडघे कुरकुरायचे, पण नियम म्हणजे नियम. खोल्यांच्या कड्या आतून होत्या. फाटकाला कुलूप नव्हतं. कुलूप नावाची वस्तूच बाईंनी घरात ठेवली नव्हती. ज्या बाईला वाटेल तिने सरळ चालत रस्त्यावर जावं. पहिल्या चार महिन्यांत एकही गेली नाही.

बारा जणी होत्या. शहराबाहेरच्या एका शेडमध्ये बारा मशिनांवर तीन वर्षं कोंडून ठेवलेल्या. खिडक्यांवर पत्रे ठोकलेले, दार बाहेरून बंद, नाव गेलं आणि त्या जागी मशीनचा नंबर आला. एके सकाळी पोलिसांनी दार तोडलं तेव्हाही बाराही जणी मान खाली घालून शिवतच राहिल्या. दार तुटताना त्यांनी ऐकलं होतं. पण तो उठायचा आवाज नव्हता.

उठायचा आवाज वेगळा होता. शेडवर एक माणूस नेमलेला होता. तिथे भिंतीवर घड्याळ नव्हतं, म्हणून बायका त्यालाच घड्याळ म्हणायच्या. घड्याळ कधी ओरडला नाही. कात्रीची मूठ टेबलावर एकदा आपटली की बसायचं, दोनदा आपटली की उठून रांगेने दाराकडे जायचं. झालं. पोलिसांनी नंतर मारहाणीचं विचारलं, जेवणाचं विचारलं, जखमा मोजल्या, अकरा पानं भरली. कात्रीचं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. टकटकीचं काय सांगायचं, असं प्रत्येकीला वाटलं. ती काय जखम होती?

आमची काजवाली याच बारांतली. शर्टांची काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून हे नाव. वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं, आणि डोळा सतत एकीवर. ती एक म्हणजे तिची धाकटी नणंद, भिंगरी. नवरा वारला तेव्हा सासूने मरायला टेकलेल्या अवस्थेत या पोरीचा हात तिच्या हातात दिला होता. सहा महिन्यांनी कामाचं आमिष घेऊन एक गोडबोली बाई दारात आली आणि काजवालीच भिंगरीला घेऊन त्या शेडमध्ये गेली. स्वतःच्या पायांनी, नवी चप्पल घालून. ही गोष्ट तिने कुणाजवळ काढली नव्हती आणि एक दिवसही विसरली नव्हती.

शेडमध्ये भिंगरीची भिंगरी बंद पडली होती. इथे आल्यावर ती हळूहळू पुन्हा फिरू लागली. त्याचं श्रेय शिवणमास्तरांना. मास्तर म्हणजे रिकामपणाला कंटाळलेला म्हातारा शिंपी. चष्मा दोऱ्याने बांधलेला आणि विनोद त्याहून जुने. बायकांना शिवण शिकवायला म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी ओळखलं की शिवणात या आपल्याला विकून खातील. मग त्यांनी वेगळाच धडा काढला. दाराशी पाण्याचा माठ ठेवला आणि म्हणाले, "अभ्यास एवढाच. तहान लागली की उठायचं. मला विचारायचं नाही, माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. उठायचं, प्यायचं, यायचं."

पहिली बाई उठायला एकोणीस दिवस लागले. ती भिंगरी होती. पाणी पिऊन ती जागेवर आली तेव्हा मास्तर चष्मा पुसत बसले होते, आणि काजवाली पदरात तोंड घालून रडली.

केंद्रात राहायची मुदत एक वर्षाची. ती संपायला पंधरा दिवस उरले आणि बाईंचा जीव टांगणीला लागला. बारा जणींना पाठवायचं कुठे? कुणाचं घर उरलेलं नाही, कुणाला घरचे घ्यायला तयार नाहीत. अशात एक कंपनी पुढे आली. बाराही जणींना एकत्र काम, राहायला खोल्या, कागदोपत्री सगळं चोख. वर सरावासाठी म्हणून कंपनीने बारा मशिनं भेट पाठवली. बाईंना आकाश ठेंगणं झालं.

सकाळी टेम्पो आला. मशिनं गोणपाटात गुंडाळलेली, नवा हिरवा रंग अजून ओशट. मास्तरांनी ती खिडकीकडे तोंड करून छान गोलात मांडली. "उजेडात शिवा, पोरींनो," म्हणाले. बायका आत आल्या. कुणी "मी इथे, तू तिथे" म्हटलं नाही. जी ती सरळ एकेका मशीनपाशी जाऊन बसली.

काजवालीने पायडलवर पाय ठेवला आणि तो तसाच धरून ठेवला.

तिच्या डाव्या तळव्याला कुरूप होतं. तीन वर्षं ती पाय वाकडा करून, टाचेच्या बाहेरच्या कडेने पायडल दाबत आली होती. त्या कडेखाली लोखंडाची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली असायची. आत्ता तिच्या टाचेखाली नेमकं तेच गुळगुळीत लोखंड होतं. रंग नवा होता, झीज जुनी होती. तिने फळीच्या खालून हात फिरवला. भेगेत काहीतरी टोचलं. भिंगरी तापाने फणफणली होती तेव्हा तिच्या झग्याचं तुटलेलं निळं बटण तिने त्या भेगेत दाबून ठेवलं होतं, पोर गेलीच तर तिचं काहीतरी उरावं म्हणून. बटण तिथेच होतं.

तिने डावीकडे पाहिलं. आत्या पायडलवर नुसता पाय ठेवून बसल्या होत्या, तोंडाचा रंग उडालेला. आत्या म्हणजे बारा जणींतल्या सगळ्यांत मोठ्या, मशीन नंबर एक. काजवालीने बटण हळूच पुढे केलं. आत्यांनी ते पाहिलं आणि दोऱ्याचं रीळ लावायला घेतलं.

"मशीन मशीनच असतं गं," त्या पुटपुटल्या. "शीव."

दुपारी जेवून सगळ्या परत आल्या. मास्तर डुलकी काढून तासाभराने आले तर मशिनांचा गोल मोडलेला. सहा-सहाच्या दोन रांगा, तोंडं भिंतीकडे, पाठ खिडकीला. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. लपवायचं होतं असंही नाही. आपण हलवल्याचं एकीलाही आठवत नव्हतं. काजवालीच्या तळहातांना हिरवा रंग लागलेला होता. त्या दुपारी माठाकडे कुणी गेलं नाही.

संध्याकाळच्या आत ती बाईंच्या खोलीत गेली. टेबलावर बटण ठेवलं.

"बाई, ही मशिनं शेडमधली आहेत."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "असतील गं. जप्तीचा माल विकला जातो. कुणीतरी घेतला असेल, त्याच्याकडून यांनी. त्यांना काय ठाऊक?"

"आणि नसेल तसं तर?"

"तर काय?" बाईंचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणानेच काजवालीचं बळ गेलं. "हे बघ, अशा वेळी मन खेळ करतं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसात तो माणूस दिसतो. मी कंपनीचे कागद डोळ्यांत तेल घालून वाचलेत. उद्या त्यांचा माणूस येतोय. तू स्वतः बघ. आणि पटलं नाही तर जाऊ नकोस. तुझ्यावर कुणाची जबरदस्ती आहे का इथे?"

नव्हती. तेच तर वाईट होतं. हा अख्खा कारभार कुणाच्याही जबरदस्तीवाचून चालला होता.

भिंगरी खोलीत कपड्यांची घडी घालत होती. नुसती नाचत होती म्हणा. "वहिनी, तिथे दोघींना एक खोली मिळणार. मी खिडकीकडची कॉट घेणार, आत्ताच सांगून ठेवते."

"तू सही करू नकोस."

"का?"

"आपली मशिनं ओळखलीस ना तू?"

भिंगरीचा हात घडीवर थांबला. मग ती घडी तिने पुन्हा मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. "ओळखली. मग काय करू? मशीनला घाबरून इथेच म्हातारी होऊ? पंधरा दिवसांनी इथूनही काढतील. कागद आहे, शिक्का आहे, बाई आहेत मध्ये. तेव्हा काय होतं आपल्याकडे? त्या बाईची गोड जीभ. आणि तेव्हा तू म्हणालीस चल, तर मी आले ना? आता मी म्हणते चल."

काजवालीने तिच्या हातातली घडी घेऊन कपड्यांवर ठेवली. ती एवढंच म्हणाली, "तू जाशील तिथे मी येईन." आणि भिंगरीने तिच्या गळ्यात हात टाकले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पांढरी व्हॅन अंगणात शिरली. काजवाली खिडकीतून पाहत होती. घड्याळ उतरला तर काय करायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं: ओरडायचं, फाटकाबाहेर पळायचं, रस्ता गोळा करायचा. पण उतरला तो भलताच. तिशीचा, गोरागोमटा, शर्टाला कडक इस्त्री, हातात फाईल. प्रत्येकीला "ताई" म्हणत होता. आत्यांना तर वाकून नमस्कार केला. भिंगरी कानाशी लागली, "इस्त्रीवाला बघ, वहिनी. बसायलासुद्धा भितोय, चुण्या पडतील म्हणून." काजवालीला चक्क हसू आलं. हा चेहरा तिने जन्मात पाहिला नव्हता. सुटले, असं तिला वाटलं. बाई म्हणतात तेच खरं, मनाचेच खेळ.

इस्त्रीवाल्याने कागद वाचून दाखवले. कामाचे तास, सुट्टी, डॉक्टर, सगळं त्यात होतं. भिंगरीने पहिली सही केली. मग एकेक करत अकरा झाल्या. काजवालीने पेन हातात घेतलं, भिंगरीकडे पाहिलं आणि सही केली.

"ताईंचं काम बघायला मिळेल का जरा?" त्याने बाईंना विचारलं.

बायका मशिनांवर बसल्या, दोन रांगांत, भिंतीकडे तोंड करून. अकराव्या जागी काजवाली, बाराव्या जागी भिंगरी. बारा मशिनं एका लयीत चालू लागली. मागे बाई आणि मास्तर कौतुकाने उभे. इस्त्रीवाला मास्तरांच्या टेबलाशी गेला, सहज चाळा करावा तशी तिथली कात्री त्याने उचलली, आणि मुठीने टेबलावर दोनदा वाजवलं.

बाराही जणी उठून उभ्या राहिल्या.

काजवालीसुद्धा. उठायचं तिने ठरवलं नव्हतं. ती उठलेली होती. शेजारी भिंगरी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भीती नाही, राग नाही, सकाळचं हसू नाही. भिंगरी पुन्हा बंद पडली होती.

"वा!" मास्तरांनी टाळी वाजवली. "काय शिस्त आहे!"

इस्त्रीवाल्याने एकदा वाजवलं. बाराही बसल्या. बाईसुद्धा हसल्या, पण त्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं. शाळेत तीस वर्षं काढलेली बाई. मुलं शिस्तीने उठतात ती कशी आणि भेदरून उठतात ती कशी, हे ती पाठीवरूनही ओळखते.

"उगाच पंधरा दिवस कशाला लांबवायचं, बाई?" इस्त्रीवाला गोड आवाजात म्हणाला. "गाडी आणलीच आहे. आजच नेतो." आणि उत्तराची वाट न बघता दोनदा वाजवून त्याने कात्री टेबलावर ठेवली. तो धीट होता असं नाही. त्याला माहीत होतं की त्या खोलीत ज्यांना कळतंय त्या बोलणार नाहीत, आणि जे बोलू शकतात त्यांना कळणार नाही.

रांग लागली. आत्या पुढे, भिंगरी शेवटी. पाय आपोआप दाराकडे चालले. काजवालीला ओरडायचं होतं. काल रात्रभर तिने तेच ठरवलं होतं ना, ओरडायचं! घशातून हूं की चूं निघेना. तीन वर्षं तोंड मिटून जगलेल्या बाईचं तोंड ऐन वेळी उघडत नाही, याचा तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आत्या दाराबाहेर पडल्या होत्या. व्हॅनचं मागचं दार उघडं दिसत होतं. रांग मास्तरांच्या टेबलाजवळून पुढे सरकत होती.

तोंड तिचं ऐकत नव्हतं. हात ऐकत होता. काजं करणारा हात. तिने कात्री उचलली आणि मूठ टेबलावर एकदा आपटली.

रांग जिथल्या तिथे खाली बसली. कुणी उंबऱ्यावर, कुणी व्हरांड्यात. आत्या तर अंगणातल्या मातीत, गाडीपासून चार पावलांवर. भिंगरी काजवालीच्या पायाशी बसली.

इस्त्रीवाल्याने पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या आवाजातली ताई गेली.

"अकरा नंबर," तो म्हणाला, "ठेव ते खाली."

मग बाई पुढे झाल्या.

"काय म्हणालात तुम्ही तिला?"

"काही नाही, रांगेतली अकरावी म्हणून..."

"मघापर्यंत ती ताई होती, आता नंबर झाली?" बाईंचा आवाज शाळेतला झाला होता. त्यांनी बसलेल्या बायकांकडे वळून म्हटलं, "उठा गं. कुणी कुठे जात नाही. उठा, आत या." एकही उठली नाही. "उठा ना, बाळांनो." त्यांनी आत्यांचा दंड धरून पाहिला. आत्या धोंड्यासारख्या जड झाल्या होत्या. बाईंनी काजवालीच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं, इस्त्रीवाल्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सगळा उजेड ओसरला.

"मास्तर, पोलिसांना फोन लावा," त्या म्हणाल्या. "म्हणावं, अकरा पानांत एक गोष्ट लिहायची राहिली."

इस्त्रीवाला वाद घालत बसला नाही. फाईल उचलून तो शांतपणे गाडीत जाऊन बसला. ड्रायव्हरने गाडी वळवली. फाटक बंद करायचं तर कुलूप नव्हतं. तेव्हा बाईंनी व्हरांड्यातली लाकडी खुर्ची ओढत नेली, फाटकाच्या बरोबर मधोमध मांडली आणि दुखरे गुडघे सावरत तिच्यावर बसल्या. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. इंजिन चालूच राहिलं. काचा वर गेल्या. काचेआड इस्त्रीवाला कुणाशी तरी फोनवर बोलत होता, सावकाश, मान डोलवत. पलीकडे कोण होतं? शेडच्या माडीवर ज्याच्या बुटांचा आवाज तीन वर्षं येत होता आणि ज्याचं तोंड एकीनेही पाहिलं नव्हतं, तो पोलिसांना न सापडलेला मालकच असावा. मध्येच इस्त्रीवाला हसला. पकडला गेलेला माणूस असा हसत नाही.

आत मास्तर वेड्यासारखे एकेकीपुढे वाकत होते. "पोरींनो, आपला अभ्यास आठवा. तहान लागली की काय करायचं?" त्यांचा आवाज फाटला. बायका जमिनीकडे बघत राहिल्या.

"तू वाजव," ते शेवटी काजवालीला म्हणाले. "दोनदा वाजव, बाई. आत तरी येऊ देत त्यांना. हे बघवत नाही."

किती सोपं होतं! दोन ठोके. भल्यासाठीच. कुणाचं नुकसान होणार होतं? तिचा हात वर आलासुद्धा, आणि तो इतका सहज वर आला की ती घाबरली. अकरा चेहरे तिच्याकडे वळले होते. ज्या नजरेने त्या घड्याळाकडे बघायच्या, तीच नजर. त्यांत भिंगरीची सर्वांत जवळची.

तिने कात्री मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "मागच्या विहिरीत टाका." मास्तर गेले. मग तिने माठातून पेला भरला, भिंगरीपासून दोन पावलांवर जमिनीवर ठेवला आणि तिच्या शेजारी फतकल मारून बसली.

"पोरी, पाणी तिथे आहे," ती म्हणाली. "ऊठ आणि पी."

भिंगरीने पेल्याकडे पाहिलं. ओठांवरून जीभ फिरवली. बाहेर इंजिन घरघरत होतं.

"तहान लागलीय, वहिनी," ती हळूच म्हणाली. "वाजव ना."

जमिनीवर बोटाने वाजवलं असतं तरी चाललं असतं. काजवालीने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली.